हौसेच्या शेतीसाठी जमीन घेताय? इसार देण्याआधी एवढं बघा

संभाजीनगरहून पैठण किंवा दौलताबादच्या रस्त्याला लागलं की गुंठ्यांवर शेती विकणारे फलक दिसतात. चार केशर आंबे, थोडा भाजीपाला, रविवारी हुरडा, एवढीच हौस असते. पण जमीन कागदोपत्री शेतीची, म्हणून नियमही शेतीचेच. लोक चौकशीला येतात ते इसार देऊन झाल्यावर!

घेणारा शेतकरी हवा. मराठवाड्यात यासाठी हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० चं कलम ४७ लागतं. पुण्याकडचे नातेवाईक सांगतात ते कलम ६३ दुसऱ्या कायद्यातलं. स्वतःच्या नावचा सातबारा आणि आठ-अ (खातेउतारा) असला की काम सोपं. नोकरदारांकडे नेमका तोच नसतो. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली तरी सातबाऱ्यावर आजोबाच. ‘आमचं घराणंच शेतकऱ्याचं’ हे नोंदणी कार्यालयात चालत नाही. आधी वारस नोंद करून घ्या: मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवर किंवा तलाठ्याकडे अर्ज. बहिणींची नावं गाळू नका. आणि ताई, भावाला हक्कसोडपत्र देताना लक्षात ठेवा, शेतकरी असल्याचा तुमचा माहेरकडचा पुरावाही त्याच सहीने जातो.

शेतकरी नसाल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी खरेदीच्या आधी लागते. ‘नंतर करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाचं काही जात नाही. जमीन सरकारजमा झाली तर नुकसान तुमचं.

दुसरी अडचण क्षेत्राची. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेनुसार किमान क्षेत्र बागायतीला १० गुंठे, जिरायतीला २० गुंठे. विकणारा बोअर दाखवून ‘बागायतच आहे’ म्हणतो, पण सातबाऱ्यावर क्षेत्र जिरायत लिहिलेलं असेल तर १० गुंठ्यांची खरेदी अडकते. बोअर डोळ्यांना दिसतो, कागदाला नाही. यावर काढलेली पळवाट म्हणजे आठ-दहा जणांच्या नावे सामाईक एकर. त्यातला प्रत्येक जण शेतकरी लागतो, आणि कुणाचा तुकडा कुठला हे सातबारा सांगत नाही. पुढे बांधावरून भांडणं होतात ती यातूनच.

राहायला खोली बांधायचा विचार असेल तर आणखी एक. महापालिकेच्या हद्दीलगतच्या पट्ट्यात शेतघराला परवानगी लागते, आणि ०.४० हेक्टरपेक्षा, म्हणजे एकरापेक्षा कमी धारण क्षेत्र असेल तर अर्ज फेटाळला जातो. दहा गुंठ्यांत बंगल्याचं चित्र छापणारे हे छापत नाहीत.

सातबाऱ्यावरची भूधारणा पद्धती आणि ‘इतर हक्क’ रकाना सावकाश वाचा. भोगवटादार वर्ग-२ (विकायला सरकारी परवानगी लागते अशी जमीन), कूळ, मदतमाश किंवा खिदमतमाश (हे इनामाचे प्रकार), यातलं काहीही दिसलं तर थांबा. खुलताबादच्या बाजूला इनामी जमिनी पुष्कळ आहेत. शंका असेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षातून १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक (जमिनीचं जुनं नोंदपत्रक) आणि जुने फेरफार (हक्क बदलल्याच्या नोंदी) यांची नक्कल मागा. ‘जुनं रेकॉर्ड सापडत नाही’ असं तोंडी उत्तर मिळालं तर लेखी अर्ज देऊन पोच घ्या. पोच पाहिली की रेकॉर्ड सापडायची शक्यता वाढते.

मुद्रांक, आधार, पॅन, साक्षीदार हे नेहमीचंच.

खरेदीखत झालं म्हणजे सातबारा झाला असं नाही. फेरफाराची नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हे दिवस खरेदीच्या तारखेपासून मोजू नका, नोटीस मिळाल्यापासून मोजा. मुदतीत कुणी हरकत घेतली तर प्रकरण तक्रारी नोंदीत जातं आणि सुनावणी लागते. म्हणून विकणाऱ्याच्या भावा-बहिणींना खरेदीच्या आधीच भेटून या.