कॅनव्हासच्या मोठ्या तंबूची वंशावळ

मुंबईच्या आझाद मैदानावर आज क्रिकेटच्या खेळपट्ट्या दिसतात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे मैदान एस्प्लनेड नावाच्या मोकळ्या पट्ट्यात मोडत होते आणि पावसाळा सोडला तर तिथे तंबू उभे असत. किल्ल्यातल्या दाटीत उकाडा सोसवत नाही म्हणून गोरे अधिकारी बायकामुलांसह तिथे राहायला येत. कुणी कापडी तंबू ठोकी, कुणी बांबूचे हलके बंगले उभारी. जून जवळ आला की सगळे उतरवून गुंडाळायचे आणि पुन्हा तटाच्या आत जायचे.

सहकुटुंब मुक्कामासाठी कॅनव्हासचा मोठा तंबू घ्यायला निघालेल्या माणसाने मला सल्ला विचारला, तर मी आधी हे मैदान दाखवीन. आकार, छत, कापडाचे वजन, पाणी अडवणारा लेप या गोष्टी आपण आज पाहतो. त्यातल्या बहुतेक सहलीसाठी ठरलेल्या नाहीत. त्या फौजांनी, सरकारी दौऱ्यांनी आणि काही भयंकर दुर्घटनांनी ठरवल्या.

आपल्याकडे तंबूची जुनी भाषा आहे. डेरा, राहुटी, पाल, शामियाना, कनात, मेख, तणावा हे शब्द बखरींत आणि जुन्या कागदपत्रांत सापडतात. मोगल बादशहा निघाला की त्याच्यासोबत तंबूंचे दोन संच निघत. एकात तो आज राही आणि दुसरा पुढच्या मुक्कामी आधीच रवाना झालेला असे. या पुढे जाणाऱ्या संचाला पेशखाना म्हणत. पुढे इंग्रज कलेक्टरांनी हीच रीत उचलली. हिवाळ्यात जिल्ह्याचा दौरा निघे, मडमा आणि मुले बरोबर असत. बैलगाड्यांवर किंवा उंटांवर लादलेले तंबू रात्रीतून पुढच्या गावाच्या आमराईत जात. सकाळी साहेब पोचेपर्यंत ते ताणून तयार असत. जमाबंदी, तंटे, तक्रारी, सगळे त्या कापडाखाली चाले.

या दौऱ्यांनी हिंदुस्थानी तंबूला त्याचा सर्वांत मोलाचा गुण टिकवून दिला. तो गुण म्हणजे दुहेरी छत. आतल्या तंबूवर हातभर अंतर सोडून दुसरे कापड ताणायचे. ऊन वरच्या कापडावर पडते, मधली तापलेली हवा बाजूने निघून जाते आणि आतले छत तितके तापत नाही. वरचे कापड भिंतींच्या पुढे काढले की पडवी मिळते, मागच्या बाजूला न्हाणीघर निघते. या घडणीच्या तंबूला स्विस कॉटेज हे नाव पडले. नाव युरोपातले असले तरी तंबू इथल्या उन्हाचा आहे. जबलपूरला ठगांच्या आणि त्यांच्या मुलांच्या पुनर्वसनासाठी काढलेल्या उद्योगशाळेत तंबू आणि गालिचे तयार होत. पुढे कानपूरच्या गिरण्यांनी तंबूचे कापड आणि तंबू मोठ्या प्रमाणावर काढले. लष्कर, दौरे आणि पुढे आपत्तींतली मदतछावणी यांनी ही घडण जिवंत ठेवली.

दुसरी शाखा गोल तंबूची. आज सहलीसाठी मोठा कॅनव्हास तंबू म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हाच येतो. मध्ये एक खांब, वर निमुळते होत गेलेले छत, खाली गुडघाभर उंचीची उभी भिंत आणि चहूबाजूंनी तणावे, म्हणजे कापड ताणून धरणारे दोर. घंटेसारखा दिसतो म्हणून त्याला बेल तंबू म्हणतात. ब्रिटिश फौजेत तो एकोणिसाव्या शतकभर होता. पाय खांबाकडे आणि डोके भिंतीकडे करून शिपाई चाकाच्या आऱ्यांसारखे झोपत. अमेरिकेत हेन्री हॉपकिन्स सिब्ली या लष्करी अधिकाऱ्याने १८५६ मध्ये असाच एकखांबी शंकूचा तंबू पेटंट केला. त्याची कल्पना त्याला मैदानी प्रदेशातल्या मूळ रहिवाशांच्या टिपीवरून सुचली होती. टिपी म्हणजे कातड्याचे घर. ते बायका शिवत, उभारत, आणि त्याची मालकीही बहुधा बायकांचीच असे. म्हणजे एका कुटुंबाचे घर उचलून फौजेने बराक केली. पुढे दीडशे वर्षांनी तीच बराक पुन्हा कुटुंबाची झाली.

मध्ये एक प्रकरण आहे आणि ते वगळून या तंबूचे कौतुक करणे मला जमत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या डच वंशाच्या शेतकऱ्यांशी, म्हणजे बोअरांशी, झालेल्या युद्धात, १९०० ते १९०२ या काळात, ब्रिटिशांनी शेतवाड्या जाळल्या आणि बायकामुलांना छावण्यांत कोंडले. तिथे निवारा होता तो मुख्यतः बेल तंबूंचा. ब्रिटिश समाजसेविका एमिली हॉबहाउस १९०१ च्या आरंभी ब्लूमफाँटेनच्या छावणीत पोचल्या. एकेरी कापडातून आत येणारे ऊन, कोंडलेली हवा, माश्या आणि रात्री कापडातून झिरपणारे पाणी हे सगळे त्यांनी नोंदवून जगापुढे मांडले. गोवर, विषमज्वर आणि अतिसाराने सुमारे २६ हजार बोअर स्त्रिया-मुले दगावली, त्यांत मुलेच जास्त. कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या छावण्यांत किमान १४ हजार माणसे गेली. मृत्यूची कारणे उपासमार, गर्दी आणि घाण ही होती, एकटा तंबू नव्हे. पण आठ-दहा जणांना दिवसभर एकेरी छताखाली ठेवले की काय होते, याची नोंद हॉबहाउस यांच्या अहवालात कायमची राहिली.

पाचच वर्षांनी, ऑगस्ट १९०७ मध्ये, त्याच युद्धातून परतलेले ब्रिटिश सेनानी बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर २० मुलांची छावणी भरवली. स्काउट चळवळ तिथून सुरू झाली. तंबू फौजेचेच होते, घंटेच्या आकाराचे. हौसेची छावणी त्याआधीच सुरू झाली होती. टॉमस हायरम होल्डिंग या शिंप्याच्या पुढाकाराने १९०१ मध्ये इंग्लंडात सायकलवरून तंबू नेणाऱ्यांची संघटना निघाली. पण त्यांचे लक्ष हलकेपणावर. मोठ्या तंबूला कुटुंब मिळायला आधी सुट्टी मिळावी लागली. फ्रान्समध्ये १९३६ साली कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळाली. हॉटेल न परवडणारी घरे तंबू घेऊन समुद्रकाठी जाऊ लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५० मध्ये, स्पेनच्या माजोर्का बेटावर अल्कुदिया इथे क्लब मेडिटरेनियन या सहल-संस्थेची पहिली सुट्टीची वसाहत उभी राहिली, तीही अमेरिकी फौजेच्या उरलेल्या तंबूंत. मग मोटारी आल्या आणि वजनाची चिंता मिटली. नळ्यांच्या सांगाड्यावर चढवलेला, आत झोपण्याच्या वेगळ्या खोल्या असलेला तंबू युरोपभर पसरला. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या जॅक कर्कम यांनी छतात लवचीक दांडे वाकवून कापड ढोलकीसारखे ताणणारी रचना आणली. तिचे नाव स्प्रिंगबार. घरच्या माणसांच्या सोयीचा विचार करून, डोके न वाकवता कपडे बदलता यावेत म्हणून घडलेले पहिले मोठे तंबू मला याच काळात दिसतात.

आता कापड. कॅनव्हास हा शब्दच भांगेच्या, म्हणजे हेंपच्या, लॅटिन नावावरून आला. आधी शिडे आणि तंबू तागासारख्या जाड धाग्यांचे असत, पुढे कापूस आला. सुती कॅनव्हास भिजला की धागा फुगतो आणि विणीतली छिद्रे आपोआप बुजतात. नवा तंबू पहिल्या मुक्कामाआधी अंगणात उभारून पाण्याने चिंब करायचा आणि कडक वाळवायचा, हा रिवाज त्यातूनच आला. शिवणीतली सुईची भोके तशीच भरतात. सुके कापड मात्र श्वास घेते. म्हणून नायलॉनच्या तंबूत पहाटे अंगावर ठिबकणारे दव इथे फार कमी असते.

कापसाचे दोन शत्रू, बुरशी आणि आग. बुरशीसाठी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडात तांब्याच्या क्षारांची प्रक्रिया निघाली. तिच्यामुळे कापडाला येणारी हिरवट छटा जुन्या विल्सडेन कॅनव्हासची खूण होती. आगीचा धडा ६ जुलै १९४४ रोजी अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावी मिळाला. सर्कशीचा प्रचंड तंबू पाणी अडावे म्हणून पेट्रोलमध्ये विरघळवलेल्या मेणाने माखलेला होता. तो काही मिनिटांत पेटून खाली आला आणि १६० हून जास्त माणसे गेली, त्यांत पुष्कळ मुले. त्यानंतर तंबूच्या कापडाच्या ज्वलनशीलतेचे नियम कडक होत गेले. विक्रेत्याला ‘लेप कशाचा आहे?’ हे विचारताना संकोच करू नये तो यासाठी.

आज मिळणारे कापड बहुधा सुती किंवा सूत-पॉलिएस्टर मिश्र असते, चौरस मीटरला २८५ ते ३६० ग्रॅम वजनाचे. ५ मीटर व्यासाच्या बेल तंबूचे क्षेत्र जवळपास २० चौरस मीटर भरते, पण कडेला छत उतरते आल्याने उभे राहण्याची जागा त्याहून बरीच कमी. चार माणसे आणि त्यांचे सामान त्यात सुखाने मावते. वजन तीस किलोच्या पुढे जाते, म्हणजे गाडी जिथवर पोचेल तिथवरच मुक्काम. शिवाय तणाव्यांसाठी चहूबाजूंनी दीडदोन मीटर मोकळी जमीन हवी, आणि सह्याद्रीत खाली कातळ लागला तर मेख बसत नाही. अशा जागी स्वतःच्या सांगाड्यावर उभा राहणारा तंबू बरा.

पण मला सर्वांत जास्त खटकते ते छत. जगभरच्या ग्लॅम्पिंगच्या, म्हणजे सुखसोयींसह तंबूत राहण्याच्या, लाटेत बेल तंबू परत आला आणि तो एकेरी छताचाच आला. इंग्लंडच्या ढगाळ उन्हाळ्याला तो पुरतो. भंडारदऱ्याला मार्चच्या दुपारी दोन वाजता त्यात लहान मूल झोपवून पाहा. वरून ताणायचे जादा आच्छादन काही विक्रेते वेगळे विकतात. ते तंबूबरोबरच घ्यावे आणि मध्ये हातभर फट राहील असे ताणावे. ते मिळत नसेल तर साधी ताडपत्री झाडांना बांधून वर धरली तरी फरक कळतो. झाडाची सावली मिळाली तर उत्तमच, पण वाळक्या फांद्या वर पाहून घ्याव्यात.

आणि पावसाळा. जुलैत कोकणात भिजलेला सुती तंबू आठवडाभर वाळत नाही. माझ्या पहिल्या तंबूची घडी मी ओलसरच घातली होती आणि दोन आठवड्यांनी तिच्यात काळे ठिपके उमटलेले होते, ते आजही गेलेले नाहीत. एस्प्लनेडवरचे लोक जून आला की कापड उतरवून ठेवत. दिवाळीनंतर तंबू काढावा, मे संपायच्या आत उन्हात दोन दिवस पसरून, शिवणी हाताने चाचपून, पूर्ण कोरडा झाल्यावर गुंडाळावा आणि जमिनीपासून उंच, वारा लागेल अशा फळीवर ठेवावा.