रांगेत मागचा जॉब आधी का सुटतो?

कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयाच्या सामायिक क्लस्टरवर (जोडलेल्या अनेक संगणकांच्या संचावर, जिथे चालवायला दिलेल्या कामाला जॉब म्हणतात) काम करणाऱ्या विद्यार्थिनीने मला नुकतेच विचारले, "सर, माझा जॉब सकाळपासून पेंडिंग आहे आणि माझ्यानंतर टाकलेला सुरूसुद्धा झाला. इथे ओळख लागते का?" तिच्या मैत्रिणींचा तर ठाम समज होता, की रात्री बारानंतर जॉब टाकला की नंबर लवकर लागतो. पण जॉबांची पाळी ठरवणारा शेड्यूलर हा प्रोग्रॅम मुहूर्त पाहत नाही. तो प्रतीक्षेचा काळ, त्या व्यक्तीचा आधीचा वापर, मागितलेले कोर (प्रोसेसरमधले गणना करणारे भाग) आणि मागितलेला वेळ पाहतो. यातला वेळ हा आकडाच सर्वांत दुर्लक्षित आहे.

समजा, क्लस्टरमध्ये प्रत्येकी 16 कोरचे चार नोड (क्लस्टरमधले एकेक संगणक), म्हणजे 64 कोर आहेत. दुपारचे 12 वाजले आहेत. 48 कोर अडवून बसलेला जॉब संध्याकाळी 6 ला संपेल असे त्याच्या मालकाने लिहिले आहे. रांगेत पहिल्या क्रमांकावर सर्वच्या सर्व 64 कोर मागणारा जॉब आहे, म्हणून उरलेले 16 कोर सहा तास रिकामे राहणार. त्याच्यामागे 16 कोर, 4 तास मागणारा छोटा जॉब असेल, तर शेड्यूलर त्याला लगेच सोडतो, कारण तो 4 वाजता उठेल आणि पहिल्याची 6 ची वेळ हलणार नाही. याला बॅकफिल म्हणतात. 1990 च्या दशकात अमेरिकेतील आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत ही पद्धत रुजली, आणि आज मोठ्या प्रमाणावर वापरली जाणारी स्लर्म ही शेड्यूलर प्रणालीही तीच वापरते. पंचगंगेकाठी मोठ्या फडाची पाळी संध्याकाळी असेल, तर मधल्या वेळात शेजारच्या भाजीच्या वाफ्याला पाणी देऊन घेतात, त्यातलाच हा प्रकार; अट एकच, पाळीच्या वेळेला पाट मोकळा हवा.

मात्र हमी मिळते ती लिहिलेल्या वेळेची. 48 कोरवाला जॉब दोनलाच आटोपला असे धरू. छोटा जॉब मध्ये नसता, तर 64 कोरवाला मोठा जॉब दोनलाच सुरू झाला असता. आता तो चारला सुरू होतो. सहाच्या आधीच, पण दोन तास उशिरा. लोकांनी वेळ फुगवून लिहिला की हिशेबाची अशी वळणे वाढत जातात. फुगवण्याचे कारणही समजण्यासारखे आहे, कारण मागितलेली मुदत संपली की शेड्यूलर जॉब बंद करतो. त्यावर उपाय म्हणजे प्रोग्रॅमने मधूनमधून आपली स्थिती डिस्कवर साठवत राहणे, म्हणजे जॉब बंद पडला तरी तिथूनच पुढे चालू करता येतो.

कोरही असेच फुगवले जातात. कामाचा 5 टक्के भाग एकामागून एकच करावा लागत असेल, तर 16 कोरवर वेग साधारण 9 पट होतो, 64 वर 15 पट, आणि कितीही कोर दिले तरी 20 पटीपलीकडे जात नाही. "कोर वाढवा, वेग वाढेल" ही जाहिरात म्हणूनच अर्धीच खरी असते.

आम्ही तिच्या जुन्या जॉबांची नोंद काढली. प्रत्येकाने चार तासांच्या आसपास घेतले होते, आणि तिने मागितले होते 72 तास. शिवाय कोणता प्रोग्रॅम प्रोसेसर किती वापरतो ते दाखवणारी टॉप ही आज्ञा नोडवर दिली, तेव्हा तिच्या प्रोग्रॅमपुढे 100 टक्के दिसत होते (तिथे एक पूर्ण कोर म्हणजे 100 टक्के), म्हणजे 16 पैकी एकच कोर राबत होता, कारण थ्रेडची, म्हणजे प्रोग्रॅमच्या एकाच वेळी चालणाऱ्या धाग्यांची, संख्या एकच ठेवलेली होती. थ्रेड 8, कोर 8 आणि वेळ 5 तास असे लिहून तिने जॉब पुन्हा टाकला.