पॉवर स्टिअरिंगची देखभाल आणि दुरुस्ती : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

स्टिअरिंग जड झाल्याची तक्रार घेऊन आमच्या गॅरेजमध्ये येणाऱ्या अनेक गाड्यांमध्ये त्याआधी दोन-तीन वेळा ऑइल भरून झालेले असते. हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारे, पॉवर स्टिअरिंग ही बंदिस्त यंत्रणा आहे. तिच्यातील ऑइल इंजिन ऑइलसारखे जळत नाही, त्यामुळे टाकीतील पातळी पुन्हा पुन्हा उतरत असेल तर ते कुठून तरी गळत आहे असेच समजावे. गळती न शोधता केवळ ऑइल भरणे म्हणजे दुरुस्ती नव्हे.

आपल्या गाडीत कोणती यंत्रणा आहे हे प्रथम पाहावे. बोलेरो, जुनी स्कॉर्पिओ, इनोव्हा क्रिस्टा यांसारख्या गाड्यांत ती हायड्रॉलिक असते, तर स्विफ्ट किंवा वॅगन आर यांसारख्या गाड्यांत इलेक्ट्रिक असते आणि तिला ऑइल लागतच नाही.

हायड्रॉलिक यंत्रणेत इंजिनाच्या बेल्टवर फिरणारा पंप ऑइलला दाब देतो, आणि चालक ज्या बाजूला स्टिअरिंग वळवील त्या बाजूला हा दाब रॅकमध्ये (चाके वळवणाऱ्या दांड्याच्या भागात) पोहोचवण्याचे काम व्हॉल्व्ह करतो. स्टिअरिंग एका टोकाला पूर्ण वळवून धरले की दाब ८० ते १०० बारच्या घरात, म्हणजे टायरमधील हवेच्या दाबाच्या तिसाहून अधिक पट जाऊ शकतो. अशा वेळी ऑइल पंपातल्या पंपात फिरून झपाट्याने तापते आणि सील (गळती रोखणाऱ्या रबरी कड्या) कडक होऊ लागतात. म्हणून अरुंद जागेत गाडी लावताना स्टिअरिंग टोकाला काही क्षणांहून अधिक काळ दाबून धरू नये, आणि शक्य तेव्हा गाडी किंचित पुढे-मागे होत असतानाच वळवावे.

ऑइलची पातळी महिन्यातून एकदा, गाडी सपाट जागेवर उभी करून, टाकीवरील किमान आणि कमाल खुणांशी ताडून पाहावी. टाकीवर गरम आणि थंड अशा वेगळ्या खुणा असतील तर त्याप्रमाणेच वाचावे. ऑइल काळपट झाले असेल किंवा त्याला करपट वास येत असेल तर ते बदलण्याची वेळ झालेली असते. फेस दिसत असेल तर आत हवा शिरली आहे, आणि वळताना ऐकू येणारी घरघर बहुतेक वेळा तिचीच असते. इंजिन सुरू करताच किंवा पूर्ण वळणावर किंचाळल्यासारखा आवाज आला तर आधी बेल्टचा ताण तपासावा, कारण सैल बेल्टपायी चांगला पंप बदलला जाणे हे दुर्दैवाने वरचेवर घडते.

ऑइल कोणते वापरावे हे गाडीच्या माहितीपुस्तिकेत किंवा टाकीच्या झाकणावर लिहिलेले असते. काही गाड्यांना डेक्सरॉन जातीचे लाल ऑइल चालते, तर काहींना वेगळे सिंथेटिक ऑइलच लागते; केवळ रंग जुळला म्हणून दुसरे ऑइल घालू नये. ब्रेक ऑइल तर चुकूनही घालू नये, त्याने या यंत्रणेतील रबरी सील फुगून निकामी होतात. गळती थांबवण्याच्या नावाने मिळणारी द्रावणे आम्ही वापरत नाही. ती सील मऊ करून थोडे दिवस गळती लपवतात आणि पुढे खर्च वाढवतात.

गळतीचा संशय असल्यास रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवावा आणि डाग गाडीच्या कोणत्या भागाखाली पडला ते सकाळी पाहावे. रॅकच्या टोकाचे सील गेले असेल तर मात्र ऑइल बाहेर न ठिबकता रॅकच्या टोकावरील रबरी बूटमध्ये (आवरणात) साठते, म्हणून आम्ही बूटची क्लिप काढून आत पाहिल्याशिवाय रॅकबद्दल मत देत नाही. बूट फाटला असल्यास पावसाळ्यात चिखलपाणी आत जाऊन रॅकचा दांडा गंजतो आणि खरखरीत झालेला दांडा नवे सीलही कापतो. स्वस्तातला बूट वेळीच बदलणे म्हणूनच फार महत्त्वाचे आहे. दाबाच्या पाइपातून उडालेले ऑइल तापलेल्या सायलेन्सरच्या भागावर पडल्यास आग लागू शकते, त्यामुळे अशी गाडी चालवत आणू नये, आम्हाला बोलवावे.

पंप झिजून बदलावा लागला तर त्याचा धातूचा चुरा सगळ्या पाइपांत पसरलेला असतो. म्हणून संपूर्ण यंत्रणा धुऊन, टाकी व तिची जाळी स्वच्छ करून किंवा बदलूनच नवा पंप बसवतो. त्यानंतर पुढची चाके उचलून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत सावकाश अनेकदा फिरवतो आणि बुडबुडे थांबेपर्यंत ऑइल भरत राहतो. या कामाला वेळ लागतो; घाईत आत राहिलेली हवा नव्या पंपाचेही नुकसान करते.

इलेक्ट्रिक यंत्रणेत स्टिअरिंगचा दिवा लागला की प्रथम बॅटरी, अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारे यंत्र) आणि अर्थिंग तपासावे, कारण व्होल्टेज उतरले तरी मोटर मदत कमी करते. खराब रस्त्यावर स्टिअरिंगमधून खटखट येत असेल तर काही गाड्यांत मोटरजवळचा रबरी कपलर झिजलेला असतो. तो छोटासा भाग बदलून काम भागते, पूर्ण कॉलम (स्टिअरिंगखालचा दांड्याचा भाग) बदलावा लागत नाही.

घाट उतरताना इंधन वाचवण्यासाठी इंजिन बंद करू नये, ही आमची कळकळीची विनंती आहे. इंजिन बंद होताच हायड्रॉलिक पंप थांबतो, स्टिअरिंग एकदम जड होते आणि ब्रेकची मदतही एक-दोन दाबांत संपते.

गाडी आणताना स्टिअरिंग कधी जड होते, सकाळी की गाडी तापल्यावर, एकाच बाजूला की दोन्हींकडे, हे अवश्य सांगावे. टायरमधील हवा, अलाइनमेंट (चाकांची सरळ रेषा) आणि बॉल जॉइंट (चाकाजवळचे फिरते सांधे) आम्ही आधी तपासतो, कारण दोष तिथेच निघाला तर पॉवर स्टिअरिंग उघडावे लागत नाही. खर्चाचा अंदाज लेखी देतो आणि काढलेले जुने भाग आपल्यासमोर ठेवतो.