बलक संपतो तो दिवस

माशांच्या टाकीतली अंडी फुटली की पहिले दोन-तीन दिवस सगळं छान चाललेलं दिसतं. काचेला आणि पानांना पापणीच्या केसाएवढी पिल्लं चिकटलेली असतात, मधूनच एखादं झटका देऊन जागा बदलतं. मग ती पोहायला लागतात आणि आठवडाभरात दोनशेंतली वीसच उरतात. दोष पाण्याला दिला जातो, रोगाला दिला जातो. बहुतेक वेळा मात्र ती पिल्लं उपाशी मेलेली असतात, तीही टाकीत खाणं पडलेलं असताना.

नुकत्याच फुटलेल्या पिल्लाच्या पोटाखाली बलकाची पिशवी असते. तोंड आणि आतडं अजून घडत असतं, तोवर त्याचं पोषण त्या पिशवीवरच चालतं. फायटर माशाची अंडी 27 अंश सेल्सिअसच्या आसपास एक-दोन दिवसांत फुटतात आणि पिल्लं पुढचे दोन-तीन दिवस फेसाच्या घरट्याखाली शेपूट खाली करून लटकतात. एंजल माशाची अंडी अडीच दिवसांत फुटतात, पण पिल्लांना पोहायला आणखी पाचेक दिवस लागतात. पिल्लू आडवं होऊन सरळ पोहू लागलं की पहिला घास द्यायचा. त्याआधी टाकलेलं खाणं नुसतं कुजतं.

याच सुमारास आणखी एक गोष्ट घडते आणि ती सहसा लक्षात येत नाही. बऱ्याच जातींची पिल्लं पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेतात आणि पोटातली हवेची पिशवी पहिल्यांदा फुगवतात. पाण्यावर तेलकट साय असेल तर हा घोट मिळत नाही आणि ते पिल्लू तळाशी पोटावर घसटत राहतं. अशी पिल्लं पुढे सहसा सुधारत नाहीत. म्हणून पिल्लं पोहायला लागण्याच्या आदल्या दिवशी टिश्यू पेपर पाण्यावर अलगद पसरून उचलावा. साय त्याला चिकटून येते.

आता भुकेचं. नॉर्वेचे मत्स्यशास्त्रज्ञ योहान यॉर्ट यांनी 1914 साली समुद्रातल्या माशांबद्दल असं मांडलं, की बलक संपताना योग्य खाणं मिळालं की नाही, यावर त्या वर्षीची पिढी किती मोठी होणार हे ठरतं. टाकीतही हीच वेळ नाजूक असते. उपाशी पिल्लू अशक्त होतं, अशक्त पिल्लाचा नेम चुकतो, आणि एका टप्प्यानंतर भोवती खाणं असूनही त्याला ते पकडता येत नाही. शिवाय चार मिलिमीटरच्या जिवाला पाणी आपल्याला वाटतं तसं पातळ लागत नाही. त्याच्या इवल्या तोंडाला ते पाकासारखं चिकट असतं. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मोठ्या पिल्लांच्या पाण्याचा चिकटपणा मुद्दाम वाढवला, तर त्यांचंही खाणं लहान पिल्लांइतकं कमी झालं. पिल्लू भक्ष्याचा फार लांब पाठलाग करू शकत नाही, म्हणून खाणं त्याच्या तोंडासमोर, भरपूर आणि हलतं असावं लागतं. कोरड्या भुकटीचा कण हलत नाही, त्यामुळे बहुतेक पिल्लांना ते खाणं आहे हेच कळत नाही.

त्यामुळे तयारी अंड्यांच्या आधी सुरू करावी लागते. झेब्रा डॅनिओ, टेट्रा, गुरामी यांच्या पिल्लांचं तोंड इतकं लहान असतं की त्यांना आधी इन्फ्युसोरिया, म्हणजे पॅरामेशियमसारखे सूक्ष्मजीव लागतात. बरणीत लिटरभर टाकीचंच पाणी घ्यावं, त्यात कोबीच्या पानाचा उकळत्या पाण्यातून काढलेला तळहाताएवढा तुकडा टाकावा आणि बरणी उजेडात, पण थेट उन्हात नाही, अशी ठेवावी. दोन-तीन दिवसांत पाणी दुधाळ होतं, ते जिवाणूंमुळे. या अवस्थेत ते पिल्लांना देऊ नये. सूक्ष्मजीव जिवाणूंना खाऊन वाढले की आठवडाभरात पाणी पुन्हा निवळतं. बॅटरीचा झोत धरून भिंगातून पाहिलं तर पांढरी धूळ स्वतःहून फिरताना दिसते. बरणीला सडका वास आला तर पान जास्त झालं. ती फेकून नवी लावावी. म्हणून चार दिवसांच्या अंतराने दोन बरण्या लावणं शहाणपणाचं.

सगळ्यात भरवशाचा खुराक म्हणजे आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या इवल्या जिवाची, नुकती फुटलेली पिल्लं. 1930च्या दशकात ती माशांच्या पिल्लांना चालतात हे लक्षात आलं आणि मत्स्यपालनाचं चित्र बदललं. एक लिटर पाण्यात 25 ग्रॅम मीठ, चिमूटभर खाण्याचा सोडा, एक ग्रॅम आर्टेमियाची अंडी. तापमान 26 ते 28 अंश, वर दिवा, आणि तळापासून जोरात हवा. त्यासाठी तळ कापून उलटी टांगलेली बाटली उत्तम. सपाट भांड्यात अंडी कोपऱ्यात साचतात. साधारण 24 तासांनी हवा बंद करून दहा मिनिटं थांबावं. रिकामी टरफलं वर तरंगतात, न फुटलेली अंडी तळाला बसतात आणि केशरी जीव उजेडाकडे गोळा होतात. ते नळीने ओढून बारीक कापडातून गाळावेत आणि गोड्या पाण्यात धुऊन द्यावेत. टरफलं पोटात गेली तर लहान पिल्लांचं आतडं तुंबू शकतं. देण्यात उशीरही करू नये: आर्टेमियाचं पिल्लूही स्वतःच्या बलकावर जगत असतं, तासागणिक तो संपतो आणि खुराकातला कस कमी होतो.

पिल्लं खरंच खाताहेत का, हे पाहायला भिंग पुरतं. आर्टेमिया दिल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी टाकी बाजूने न्याहाळावी. पारदर्शक अंगात गोल केशरी पोट दिसलं तर पिल्लू जेवलं. ज्यांची पोटं आत गेलेली आणि डोकं अंगापेक्षा मोठं दिसतं, त्यांना अजून बारीक खाणं हवं. दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं द्यावं. रात्री देऊ नये, कारण पिल्लं डोळ्यांनी शिकार करतात. उकडलेल्या अंड्याचा बलक कापडातून पिळून देण्याची जुनी पद्धत चालते, पण थेंबभर जास्त झाला तरी पाणी नासतं; जिवंत खाणं हाताशी असेल तर तिच्या वाटेला जाऊ नये.

गपी, मॉली या थेट पिल्लं देणाऱ्या माशांचं सोपं असतं. त्यांची पिल्लं जन्मतःच पोहतात आणि चुरलेलं कोरडं खाणंही त्याच दिवशी खातात. त्यांना धोका मोठ्या माशांच्या तोंडाचा, म्हणून दाट शेवाळ किंवा वेगळी टाकी.

पिल्लांची टाकी दहा-वीस लिटरची, तळाला खडी नसलेली, पाणी आधी पालकांच्याच टाकीतलं. गाळण्यासाठी स्पंज फिल्टरच. दुसरा कुठलाही पिल्लं ओढून घेतो. स्पंज किमान तीन-चार आठवडे चालू टाकीत राहिलेला हवा, कारण अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात असतात. हवा सेकंदाला दोन-तीन बुडबुडे एवढीच. मेलेला आर्टेमिया कुजला की अमोनिया तयार होतो आणि पाण्याचा पीएच जितका जास्त तितका तो विषारी: 25 अंशांना पीएच 7 असताना एकूण अमोनियापैकी अर्धा टक्क्याच्या आसपास विषारी रूपात असतो, पीएच 8 ला पाच टक्क्यांहून जास्त. रोज हवेच्या बारीक नळीने तळाचा गाळ आणि दहा-पंधरा टक्के पाणी काढावं. पांढऱ्या वाडग्यात काढलं तर चुकून आलेली पिल्लं दिसतात आणि परत सोडता येतात. नवं पाणी क्लोरीन काढलेलं, त्याच तापमानाचं, थेंब थेंब.

काचेवर पाच-सहा बारीक हातांचा, डिवचला की आक्रसणारा पांढुरका धागा दिसला तर तो हायड्रा. आर्टेमियाच्या मुबलक खुराकावर तो झपाट्याने वाढतो आणि लहान पिल्लांनाही पकडतो. पिल्लं दुसऱ्या टाकीत हलवावीत आणि खाणं मोजून द्यावं.

फायटर आणि गुरामीच्या बाबतीत झाकण विसरू नये. त्यांचा हवेतून श्वास घेणारा अवयव पुढच्या काही आठवड्यांत घडतो आणि पिल्लं वर येऊन हवा घेऊ लागतात. त्या काळात पाण्यावरची हवा पाण्याइतकीच उबदार आणि दमट हवी. झाकणाच्या आत वाफेचे थेंब जमलेले दिसले, की ती तशी आहे.