पवईच्या न पिण्याजोग्या पाण्याचा हिशोब

दर पावसाळ्यात एक बातमी ठरलेली असते : पवई तलाव भरून वाहू लागला. बातमीतले आकडेही ठरलेले. क्षमता ५४५ कोटी लीटर, पाणलोट क्षेत्र ६.६१ चौरस किलोमीटर, भरल्यावर पाण्याचा पसारा २.२३ चौरस किलोमीटर, बांधकाम १८९० सालचं. आणि शेवटी, जरा ओशाळल्यासारखं, एक वाक्य : हे पाणी पिण्यायोग्य नसल्याने ते औद्योगिक कामांसाठी आणि आरे वसाहतीत वापरलं जातं. वाचणारा तेवढ्यावर पवईला सोडतो आणि भातसा, तानसा किती टक्के भरले ते बघायला लागतो.

नळापुरतं बोलायचं तर त्याचं चुकत नाही. मुंबईला रोज सुमारे ३८५ कोटी लीटर पाणी पुरवलं जातं. पवई काठोकाठ भरला आणि सगळाच्या सगळा पिता आला, तरी शहराला तो दीड दिवसही पुरणार नाही. शेजारचे विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात राहिले, म्हणून आजही पिण्याचं पाणी देतात. पवई मात्र शहराच्या तावडीत सापडला. तरीही तलावाचं मोल त्यातून उपसलेल्या पाण्यावर ठरवायचं, हे काही पटत नाही. पवईची मुख्य कामं पाणी तलावात असतानाच होतात.

पहिलं काम पुराचं. भरून वाहणारा तलाव पूर अडवू शकत नाही, असं आपल्याला वाटतं, कारण त्यात जागाच उरलेली नसते. इथेच गंमत आहे. सांडव्यावरून जास्त पाणी जायचं असेल तर आधी तलावाची पातळी वर चढावी लागते, आणि एवढ्या पसरट तलावाची पातळी चढवायला पाणी प्रचंड लागतं. साधा गुणाकार करू. पाणलोटावर १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि तो सगळा वाहून आला, तर ६६ कोटी लीटर पाणी होतं. ते २.२३ चौरस किलोमीटरवर पसरलं की पातळी वाढते फक्त फूटभर. म्हणजे काठोकाठ भरलेला तलावसुद्धा तेवढा लोंढा आधी अंगावर घेतो आणि मग सांडव्यावरून हळूहळू सोडतो. पाणी तेवढंच जातं, पण एकदम जात नाही.

हे सोडलेलं पाणी जातं मिठी नदीत. विहार आणि पवईच्या सांडव्यांपासून निघालेली मिठी साकीनाका, कुर्ला, वांद्रे-कुर्ला संकुल असं करत माहीमच्या खाडीला मिळते, आणि तिथे भरती असली की नदीला बाहेर पडायला वाटच नसते. अशा वेळी वरून येणारा लोंढा दोन-तीन तास उशिरा पोचला तर कुर्ल्यातल्या तळमजल्यावर राहणाऱ्याला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. याला मर्यादा आहेतच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तेवढा पाऊस पवईच्या पाणलोटावर धरला तर ६०० कोटी लीटरच्या वर जातो, तलावाच्या पूर्ण क्षमतेहून जास्त. त्या दिवशी कुठलाही तलाव कमीच पडला असता. पण दरवर्षीच्या दोन-चार मुसळधार दिवसांचं काय? ते दिवस पवई गाजावाजा न करता निभावून नेतो.

दुसरं काम उकाड्याचं. लीटरभर पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४,२०० ज्यूल उष्णता लागते. त्याच पाण्याची वाफ व्हायला साधारण २४ लाख ज्यूल. ही उष्णता आजूबाजूची हवा आणि ऊन यांच्याकडूनच घेतली जाते. उन्हाळ्यात पाणी आटून पसारा एक चौरस किलोमीटर उरला आणि त्यातून दिवसाला पाच मिलिमीटर पाण्याची वाफ झाली असं धरू. हिशोब येतो सुमारे १४ कोटी वॉटचा. दीड टनाचे २७ हजार एसी दिवसरात्र चालवले तर जेवढी उष्णता शोषतील, तेवढा. शिवाय एसी खोलीतली उष्णता, वर स्वतःच्या विजेची भर घालून, शेजाऱ्याच्या खिडकीत सोडतो. तलावातली वाफ ती वाऱ्याबरोबर घेऊन जाते.

याचा अर्थ पवईकर थंडगार हवेत राहतात असा नाही. मुंबईची हवा आधीच दमट, त्यामुळे वाफ सावकाश होते, आणि वारा पडला की चिकचिक वाढते. रात्री तर पाणी जमिनीहून सावकाश निवतं. तलावाचा खरा उपयोग भर दुपारी. त्या वेळी त्याच जागी डांबर आणि काँक्रीट असतं, तर ते तव्यासारखं तापलं असतं.

आता काठाबद्दल. माझ्या मते तलावाचा सगळ्यात कामाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे हा उथळ, चिखलाचा, गवताळ पट्टा. लोकांना तो घाण वाटतो. त्या चिखलात ऑक्सिजन पोचत नाही, आणि म्हणूनच तिथले जिवाणू सांडपाण्यातून आलेल्या नायट्रेटवर गुजराण करतात आणि त्याचा साधा नायट्रोजन वायू करून हवेत सोडून देतात. फुकट चालणारं शुद्धीकरण केंद्रच ते. याच पट्ट्यात वारकरी पक्षी आणि पाणकोंबड्या चरतात, खंड्या टपून बसतो, माशांची पिल्लं मोठ्यांपासून लपतात. पवईतल्या मगरी ऊन खायला याच काठावर येतात आणि अंडी घालायला मऊ मातीत खड्डा खणतात. दगडी भिंत बांधली की हे सगळं एका फटक्यात संपतं. तलावाकाठी दगड भरून सायकल मार्गिका करायचं महापालिकेचं काम मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवलं आणि केलेला भराव काढायला सांगितला. सायकलीला माझा विरोध नाही, पण ती रस्त्यावरून चालते. मगरीला रस्त्यावर अंडी घालता येत नाहीत.

तलावाचं दुखणं मात्र खरं आहे, आणि ते वरून दिसणाऱ्या जलपर्णीपेक्षा खोल आहे. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती अनुकूल हवामानात पंधरवड्याच्या आत दुप्पट होते. तिला लागणारं खत, म्हणजे नत्र आणि स्फुरद, आपण सांडपाण्यातून रोज पुरवतो. त्याच खतावर शेवाळंही माजतं. दिवसा ते ऑक्सिजन सोडतं, रात्री मात्र सगळेच श्वास घेणारे, देणारा कुणी नाही. तीस अंशांच्या पाण्यात मुळातच लीटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. म्हणून अशा तलावात मासे मरतात ते बहुधा पहाटे. वर जलपर्णीची चादर असेल तर हवेतून येणारा ऑक्सिजनही अडतो. (कमळपक्ष्याला विचाराल तर तो तक्रार करणार नाही. लांबलचक बोटं पसरून तो या तरंगत्या पानांवर आरामात चालतो, आणि तिथेच नर अंडी उबवतो.)

काठावर गळ टाकून बसणारे, पहाटे चालायला येणारे, गणेश घाटावर विसर्जनाला जमणारे, आयआयटीचे विद्यार्थी, फुलेनगर आणि चैतन्यनगरसारख्या वस्त्यांतली मुलं, यातल्या कुणाकडूनही तलाव पैसे घेत नाही. त्याच्या नावावर किंमत लागते ती एकाच ठिकाणी : खिडकीतून तलाव दिसणाऱ्या फ्लॅटच्या दरात. पण त्या खिडकीतून हिरवी जलपर्णीही छानच दिसते, त्यामुळे पाण्याखाली काय चाललंय हे त्या दरातून कधीच कळणार नाही. त्यासाठी पहाटे, सूर्य उगवायच्या आधी, पाण्यातला ऑक्सिजन मोजावा लागतो.

जलपर्णी काढायला यंत्रं येतात, तेव्हा काठावर उभं राहून बघण्यासारखी एक गोष्ट असते : काढलेला ढीग कुठे जातो. वाढताना जलपर्णीने पाण्यातलं नत्र-स्फुरद स्वतःत साठवलेलं असतं. तो ढीग ट्रकने दूर नेऊन त्याचं खत केलं, तर तेवढी घाण तलावातून कायमची बाहेर पडते. काठावरच कुजायला सोडला, तर पहिल्या जोरदार सरीबरोबर ती सगळी परत पाण्यात. आणि सांडपाण्याची तोंडं बंद झाली नसतील, तर ट्रक भरून नेल्यावरही पुढच्या वर्षी यंत्र पुन्हा बोलवावं लागतं, नव्या निविदेसह.