जीप स्लोवर बंद पडू लालीय? स्क्रूला हात लावू नका, आधी करंट बघा

आपल्या मराठवाड्यात जीप म्हणलं की लोकांना काळीपिवळी आठवते, मागं दांडीला लोंबकळणारी माणसं आन डिझेलचा धूर. पण जालना, परभणी, लातूरकडं अजूनही कुणाच्या तरी शेडमध्ये ताडपत्रीखाली पेट्रोलची सीजे-३बी निघते, ती उंच बॉनेटवाली. १९५३ साली विलीज या अमेरिकी कंपनीनं नवं हरिकेन इंजिन बसवायचं म्हणून बॉनेट वर उचललं, आणि तेच डिझाइन परवान्यावर घेऊन महिंद्रानं इथं कितीतरी वर्षं गाड्या बनवल्या. २.२ लिटर, चार सिलिंडर, इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये, असं जरा विचित्रच इंजिन आहे, पण दमदार.

अशा गाडीची नेहमीची तक्रार म्हणजे रेस दिली की पळते, स्लोवर, म्हणजे रेस सोडून फाट्यावर थांबलं की फुडफुड करून बंद. मग जो येतो तो स्क्रू ड्रायव्हर घेऊन कार्बोरेटरला भिडतो, एक जण अर्धा आटा आत मारतो, दुसरा एक आटा बाहेर, आणि संध्याकाळपर्यंत मूळ सेटिंग कुठं होती हे कुणालाच सांगता येत नाही. तपास करंटपासून सुरू करायला पाहिजे, कारण तिथं मोजून खात्री करता येते, कार्बोरेटरमध्ये बराचसा अंदाजच असतो.

ठिणगी कशी पडते ते आधी बघू. ही पद्धत चार्ल्स केटरिंगची, १९१० च्या सुमारास कॅडिलॅक गाडीत आली. डेल्कोमधला (प्लगांना पाळीपाळीनं करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधला) पॉइंट, म्हणजे उघडझाप करणारा छोटा स्विच, बंद म्हणजे जुळलेला असतो तोवर कॉइलच्या आतल्या जाड तारेतून करंट वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र तयार होतं. कॅमनं पॉइंट उघडला की करंट तुटतो, क्षेत्र झटक्यात कोसळतं आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत पंधरा-वीस हजार व्होल्ट तयार होतात, ते प्लगला जातात. पॉइंटला जोडलेला छोटा कंडेन्सर करंट झटक्यात तुटायला मदत करतो, तो मेला की पॉइंटवरच निळ्या ठिणग्या उडतात आणि प्लगवर काहीच उरत नाही. स्लोवर ६०० आरपीएम धरले तरी हा खेळ सेकंदाला २० वेळा चालतो.

आता मुद्द्याची गोष्ट. १२ व्होल्टच्या साध्या कॉइलचा रेझिस्टन्स साधारण ३ ओहम असतो, म्हणजे करंट ४ अँपिअर. समजा वाटेत कुठंतरी गंजलेला जोड आहे, त्यानं फक्त १ ओहम वाढवला. करंट झाला ३ अँपिअर. पाव भागच गेला असं वाटतं, पण कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गावर अवलंबून असते, म्हणजे १६ च्या जागी ९. ठिणगीची जवळजवळ निम्मी ताकद वायरच्या टोकाच्या एका हिरव्या पडलेल्या लगनं खाल्ली!

आणि हा चोर मीटरला सापडत नाही. पॉइंट उघडा असताना मल्टिमीटर लावला तर कॉइलवर झकास १२ व्होल्ट दिसणार, कारण तेव्हा तारेतून करंटच वाहत नसतो. ठिबकची मेन लाइन अर्धी चोंदली असली तरी व्हॉल्व्ह बंद असताना गेजवर प्रेशर पूर्ण दिसतं, पाणी सोडलं की मग खरं कळतं, तसंच हे. म्हणून मोजायचं ते पॉइंट बंद ठेवून, चावी लावून: मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर, दुसरी कॉइलच्या प्लसवर. मध्ये बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा करंट मुद्दाम कमी करणारा) नसेल तर अर्ध्या व्होल्टच्या वर काही दिसायला नको. तसंच मायनस बाजूला, बॅटरीच्या मायनसपासून इंजिनच्या ब्लॉकपर्यंत, सेल्फ मारताना.

माझा अनुभव असा की नव्यानं रंगवलेल्या जीपांत अर्थिंगचाच घोळ जास्त असतो. हौसेनं चार हात रंग मारलेला असतो आणि अर्थ स्ट्रॅप त्या रंगावरच कसलेला असतो, बोल्ट घट्ट, वॉशर चकचकीत, पण खाली धातूला धातू लागतच नाही. पॉलिश पेपरनं तेवढी चकती घासा, काम झालं. दुसरी जागा म्हणजे डॅशबोर्डवरचा अँपिअर मीटर. जुन्या जीपमध्ये जवळपास सगळा करंट त्याच्या मागच्या दोन बोल्टांतून जातो आणि आपल्याकडच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं हादरे खाऊन ते नट ढिले होतातच. तिसरी जागा उंदीर. शेडमध्ये कापसाची नाहीतर सोयाबीनची पोती असली की वायरिंग कुरतडलंच म्हणून समजा, वरून टेप गुंडाळलेली असते, आत दोन केस शिल्लक.

तोच अँपिअर मीटर तपासायला पण लई कामाचा आहे. लाइट वगैरे सगळं बंद करा, कॉइलची मधली जाड वायर काढून अर्थला टेकवा, गाडी न्यूट्रलला, चावी ऑन, आणि पुढून हँडल हळूहळू फिरवा. पॉइंट बंद झाला की काटा मायनस ४ च्या आसपास जातो, उघडला की शून्यावर येतो, परत मायनस, परत शून्य. एक माणूस काट्याकडं बघायला बसवा. काटा हललाच नाही तर पॉइंट मिळत नाहीत किंवा लाइन तुटलीय. मायनसलाच चिकटून बसला तर पॉइंट उघडत नाही, नाहीतर कंडेन्सर आतून शॉर्ट आहे. काटा बरोबर हलत असेल तर पॉइंटचा गॅप फिलर गेजनं २० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे अर्धा मिलिमीटर करा, प्लगचा ३० थाऊ. गॅप कमीजास्त झाला की टायमिंग पण सरकतं, म्हणून आधी गॅप, मग टायमिंग.

हे सगळं ठीक असूनही स्लोवर बंद पडत असेल तर इंजिन कुठून तरी चोरून हवा ओढतंय. एक साधी खूण सांगतो: चढावर लोड आल्यावर मिसिंग मारते तर बहुतेक ठिणगी कमजोर, कारण दाबलेल्या हवेतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्ट लागतात. स्लोवरच रडते आणि रेसला सुधारते तर बहुतेक हवेची गळती, कारण स्लोवर थ्रॉटल जवळपास बंद असतो, मुळात हवाच थोडी जाते, तिथं बारीक भोक पण मोठा वाटा उचलतं. पण हे बहुतेकच हां. डायनॅमो स्लोवर चार्जिंग करत नाही, त्यामुळं कमजोर वायरिंगची गाडी रात्री लाइट लावून थांबली की स्लोवरच मरते.

या इंजिनात इनटेक मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला असतो, त्यामुळं त्याचं गॅस्केट उडायचा प्रश्न नाही. बघायचं ते कार्बोरेटरखालचं गॅस्केट, थ्रॉटलच्या दांडीचे झिजलेले बुश, क्रँककेसच्या हवेचा छोटा व्हॉल्व्ह उघडाच अडकलाय का, आणि व्हॅक्यूम वायपरची नळी. वायपर कधीच भंगारात गेलेला असतो, नळी मात्र तडकलेल्या रबरी टोपीसकट तशीच लोंबते. स्लोवर चालू ठेवून या जागांवर बाटलीनं पाण्याचा बारीक फवारा मारा, जिथं आवाज बदलतो तिथं गळती. डेल्को आणि प्लगवर उडवू नका, आणि पेट्रोल तर अजिबात नको, खाली एक्झॉस्ट तापलेला असतो.

आता स्क्रू. इंजिन गरम, चोक पूर्ण उघडा. मिक्स्चरचा स्क्रू हलक्या हातानं पूर्ण आत, मग दीड आटा बाहेर, तिथून पाव-पाव आटा फिरवत जिथं इंजिन सगळ्यात गुळगुळीत चालेल तिथं सोडा, मग थ्रॉटलच्या स्क्रूनं ६०० वर आणा. हल्लीच्या पेट्रोलवर स्क्रू पूर्वीपेक्षा थोडा जास्त बाहेर लागतो, बाहेर म्हणजे पेट्रोल जास्त. निव्वळ पेट्रोलला जळायला वजनानं १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट, म्हणजे २० टक्के इथेनॉलवाल्या ई-२० ला साधारण साडेतेरा पट. जुना कार्बोरेटर मोजून देतो जुन्याच हिशोबानं, म्हणून मिक्स्चर सातआठ टक्के पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी. आपल्याच उसाचं इथेनॉल आहे, राग तरी कुणावर काढायचा! फक्त ते जुन्या रबराला मानवत नाही आणि हवेतलं पाणी ओढून घेतं, तेव्हा पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा डायफ्राम इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा टाकून घ्या, आणि गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर कार्बोरेटरचा बाउल रिकामा करून ठेवा.