नवी मुंबईची उपनगरी रेल्वे

मुंबईच्या लोकलचे ठाणे खाडीपलीकडचे जाळे. यात तीन मार्ग येतात : मानखुर्दहून वाशी-बेलापूरमार्गे पनवेल, ठाण्याहून तुर्भेमार्गे वाशी व नेरूळ (ट्रान्स-हार्बर), आणि नेरूळ व बेलापूरहून उरण. गाड्या मध्य रेल्वे चालवते. स्थानके मात्र बहुतेक सिडकोने, म्हणजे शहर वसवणाऱ्या महामंडळानेच उभारली.

सिडकोची स्थापना १९७० सालची. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता आणि अभियंते शिरीष पटेल यांनी मुंबईची गर्दी खाडीपलीकडे वळवण्याची कल्पना त्याआधीच मांडली होती. सत्तरच्या दशकात वाशीला रस्त्याचा पूल झाला. लोकल मात्र मानखुर्दलाच थांबत राहिली. घरे झाली, पण मुंबईत नोकरी असलेल्या माणसाला रोजच्या प्रवासासाठी बसवर विसंबावे लागे. शहर रखडण्याचे हे एक मोठे कारण होते.

तोडगा निघाला तो पैशाच्या वाटणीतून. खर्चाचा ६७ टक्के वाटा सिडकोने आणि ३३ टक्के रेल्वेने उचलायचा असे ठरले. लोकल आली की भोवतालच्या जमिनीचा भाव चढतो, आणि जमीन सिडकोच्याच हातात, हे त्यामागचे सरळ गणित. शिवाय प्रवाशांच्या तिकिटावर अधिभारही लागला. खाडीवर रेल्वेपूल होऊन मे १९९२ मध्ये पहिली लोकल वाशीला पोचली. १९९३ मध्ये मार्ग नेरूळ आणि बेलापूरपर्यंत गेला, १९९८ मध्ये पनवेलपर्यंत. पनवेलला तो दिव्याहून येणाऱ्या मार्गाला आणि कोकणच्या गाड्यांना मिळतो.

मुंबईत वस्तीच्या दाटीत स्थानक कसेबसे मावते. इथे आधी स्थानकाची जागा आखून मग पेठा वाढवल्या. म्हणून रुंद भुयारी मार्ग, ऐसपैस आवार, वाहनतळ. वाशी आणि बेलापूरला तर स्थानकाच्या इमारतीतच कार्यालयांचे मजले चढवले. पुढे सीवूड्स-दारावे स्थानकावर मॉलही आला. एवढ्या मोठ्या वास्तू सुरुवातीला ओस वाटत. त्या अवाढव्यपणाला तेव्हा उधळपट्टी म्हणणे सोपे होते; आज संध्याकाळी वाशीचा फलाट पाहिला तर तसे म्हणवत नाही.

ठाणे–वाशी मार्ग नोव्हेंबर २००४ मध्ये सुरू झाला. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे ही ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातली गावे त्यामुळे लोकलला जोडली गेली, आणि ठाण्याहून वाशीला जायला कुर्ल्याला गाडी बदलण्याची गरज उरली नाही. तुर्भ्यापुढे मार्ग फुटतो. वाशीची गाडी सानपाड्याकडे वळते, तर नेरूळ-पनवेलची जुईनगरकडे. ठाणे–पनवेल लोकल वाशीला जातच नाही, हे नवख्याला बहुधा गाडीत बसल्यावर कळते.

तिसरा मार्ग सर्वांत रेंगाळला. नोव्हेंबर २०१८ मध्ये तो खारकोपरपर्यंत उघडला आणि जानेवारी २०२४ मध्ये उरणला पोचला. एकूण लांबी सुमारे २७ किलोमीटर. त्याच वेळी ठाणे आणि ऐरोली यांच्या दरम्यान दिघा गाव स्थानकही सुरू झाले.

स्थानकांची नावे हा इथला जुना वादविषय. शहर ज्या जमिनीवर उभे राहिले ती आगरी-कोळी गावांची, त्यामुळे फलकावर गावाचे नाव असावे हा आग्रह स्वाभाविकच होता. खांदेश्वर हे नाव खांदा गावाच्या देवळावरून आले. कामोठ्याच्या स्थानकाचे नाव मात्र मानसरोवर. ‘कामोठे’ शोधत बसलेला पाहुणा पनवेलला जाऊन पोचू शकतो. उरण मार्गावर रांजणपाडा हे ठरलेले नाव बदलून शेमटीखार झाले, तर दिघ्याच्या नावापुढे ‘गाव’ लागले.